झेनोनच्या फटफटीची किक

बटाटे अजून जमिनीत होते, लग्न दाराशी येऊन ठेपलं होतं आणि फटफटी किक घेत नव्हती. तिन्ही गोष्टींचा भार लुत्सिनाच्या एकाच कंबरेवर होता, आणि ती कंबर काही आता पहिल्यासारखी राहिली नव्हती.

ओल्शिन्का गावात सप्टेंबरातलं लग्न शुभ मानतात. बटाटे निघतात तेही सप्टेंबरातच. ज्यानं कुणी ही दोन्ही कामं एका महिन्यात घातली, त्याला स्वतःची लेक कधी उजवावी लागली नसणार, असं लुत्सिना म्हणायची.

लेक एकच, किंगा. तालुक्याच्या गावी बेकरीत कामाला होती. नदीपलीकडच्या ग्रात्सियानशी तिचं जमलं होतं. पोरगा वीजमंडळात, खांबावर चढून तारा जोडणारा. भला होता. जेवायला बसला की पातेलं पुसून ठेवायचा, आणि सासूला एवढं पुरेसं होतं.

शब्द गेला तो ईस्टरच्या आदल्या दिवशी. दोघी मायलेकी अंगणात तिखट मुळं किसत बसल्या होत्या. त्या मुळांनी डोळ्यांना धार लागतेच, त्यामुळे कोण कशासाठी रडतंय हे कळायला मार्ग नसतो. किंगा किसता किसता म्हणाली, बाबा असता तर त्यानं मला फटफटीच्या साइडकारमध्ये बसवून चर्चला नेलं असतं. लुत्सिनानं नाक मनगटानं पुसलं.

"मग मी नेईन," ती म्हणाली.

हातात काम असताना दिलेला शब्द माणसाला पुढे महागात पडतो. त्या क्षणी आपण शब्द देत नसतो, हातातलं काम संपवत असतो.

फटफटी चालवायची तिला भीती नव्हती. लायसन होतं. उलट झेनोनच्या आधी तिचंच निघालं होतं, आणि ही गोष्ट झेनोननं जन्मभर गावात कुणाला कळू दिली नव्हती. पण चार वर्षांपूर्वी तो छातीत कळ येऊन गेला तेव्हापासून फटफटी कोठारात घोंगडीखाली उभी होती. जुनाक बनावटीची, काळी, जाड टाकीची, झेनोनच्या बापानं घेतलेली. लुत्सिनानं उन्हाळ्यात घोंगडी काढली, टाकी धुतली, पेट्रोल घातलं, जुन्या प्लगवरची काजळी पत्र्यानं खरवडली आणि किकवर पाय देऊन उभी राहिली. दांडी खर्रर करत खाली गेली आणि तिथेच लोंबत राहिली, तापलेल्या कुत्र्याच्या जिभेसारखी. दुसऱ्यांदा मारली तर पाय घसरून दांडीनं नडगी सोलली.

हे दुखणं जुनंच होतं. शेवटची कितीतरी वर्षं झेनोन फटफटी ढकलूनच चालू करायचा. घरून निघताना कोठारासमोरचा उतार होता. चर्चहून परतताना गावातली माणसं होती. रविवारी प्रार्थना आटोपली की पुरुष बाह्या सरसावून साइडकारमागे उभे राहत, आणि ते ढकलणं सगळ्यांच्या इतकं अंगवळणी पडलं होतं की पाद्रीबुवाही आशीर्वाद जरा आवरता घ्यायचे.

लुत्सिनानंही उतारावरून ढकलून पाहिली. झाली चालू. ती आनंदानं रस्त्यापर्यंत जाऊन आली, तर कुंपणावर कोपर टेकून वालेन्ती उभा. वालेन्ती शेजारी, निवृत्त पोस्टमन. आता गावातल्या लग्नांची फाटकं उभारणं हाच त्याचा उद्योग. नवरानवरी चर्चला निघाली की वाटेत वस्तीवस्तीवर लोक रस्ता अडवतात, कुठं दोर धरून तर कुठं टेबल टाकून. नवऱ्यानं बाटली काढायची, थट्टा सोसायची, मग वाट मोकळी. वालेन्तीच्या फाटकावरून हसल्याशिवाय कुणी पुढे गेलेलं नाही आणि फुकट तर मुळीच नाही.

"चालू तर झाली, लुत्सिनाबाई," तो म्हणाला. "पण फाटकावर काय करणार? आमच्याकडे इंजिन बंद करावं लागतं."

"एक दिवस चालू ठेवलं तर आभाळ कोसळेल का?"

"घरघरत्या गाडीवरून पाहुणचार घ्यायचा म्हणजे बुटासकट अंथरुणात शिरायचं. तसं कुणी केलेलं नाही. ढकलू की आम्ही. पांढऱ्या झग्यातली नवरी, वर सासूबाई, आणि मागून अख्खा गाव ढकलतोय. फोटो चांगले येतील."

यात दुष्टावा नव्हता, त्याला खरोखरच ते चित्र आवडलं होतं. म्हणून तर लुत्सिनाला जास्त लागलं. बापाच्या फटफटीवरून लेक मानानं जावी म्हणून हा सगळा खटाटोप, आणि फाटकाफाटकावर ती रुतलेल्या बैलगाडीसारखी ढकलत न्यायची? किक दुरुस्त व्हायलाच हवी होती. आणि ती दुरुस्त करू शकणारा माणूस पंचक्रोशीत एकच होता. नेमकी त्यानंच शपथ घेतली होती.

तो म्हणजे हिपोलित, तिचा धाकटा दीर. गावाच्या टोकाला त्याचं ट्रॅक्टर दुरुस्तीचं दुकान. किंगा जन्मली त्या साली किकची दांडी इंजिनातून बाहेर आलेल्या खुंटीवर सैल होऊन घसरू लागली होती. हिपोलितनं भावाला सांगितलं होतं, सोमवारी आण, आरपार भोक पाडून पिन बसवून देतो. झेनोन सोमवारपर्यंत थांबला नाही. रविवारीच त्यानं दांडी वेल्डिंग करून कायमची चिकटवून टाकली. पुढच्या रविवारी चर्चच्या आवारात हिपोलितनं ते पाहिलं आणि सगळ्या गावादेखत भावाला धुतलं. दांडी निघाल्याशिवाय इंजिनाचं झाकण निघत नाही, आणि झाकण निघाल्याशिवाय आतलं काही दिसत नाही, मूर्खा. उद्या आत काही मोडलं तर काय कुऱ्हाडीनं फोडणार? मी तरी या फटफटीला पुन्हा हात लावणार नाही, देवाशपथ. झेनोननं उलट उत्तर दिलं नाही, समजूतही घातली नाही. त्यानं नुसती किक मारली आणि निघून गेला. पुढे किकला इंजिनाशी जोडणारा आतला दात झिजला, हिपोलितचं भाकीत खरं ठरलं, आणि ते खरं ठरलं म्हणूनच झेनोन त्याच्याकडे गेला नाही. दोघे भाऊ एका ताटात जेवत, एकमेकांचं गवत कापत. फटफटीचा विषय तेवढा निघत नसे.

लुत्सिना दुकानात गेली तेव्हा हिपोलित ट्रॅक्टरखाली होता. तो बाहेर आलाच नाही. खालूनच म्हणाला की वहिनी, जीव माग, पण देवाची शपथ मोडायला सांगू नकोस. बटाट्यांना मात्र मंगळवारी येतो, दरवर्षीसारखा.

मंगळवारी तो आला. बटाट्यांची इर्जिक म्हणजे सगळी वाडी एका शेतात. पुढे ट्रॅक्टरमागचं यंत्र माती उडवत जायचं आणि मागून वाकलेल्या पाठी टोपल्या भरत जायच्या. धुकं उठलं, ऊन पडलं, माती वाळून नखांत घट्ट बसली. दुपारी लुत्सिनानं बांधावर डुकराची चरबी फासलेला पाव आणि आंबवलेल्या काकड्या मांडल्या. हिपोलित तिच्यापासून दूर, पोत्यांवर बसून जेवला. टोपली उचलताना दोनदा ती त्याच्याशेजारी आली, पण तो बटाट्यांशीच बोलत होता. यंदा कीड नाही, साल पातळ आहे, असं काहीबाही.

संध्याकाळच्या उन्हात पोती कोठारात लावून झाली. लोक हातपाय धुवायला पंपाकडे गेले. लुत्सिना फटफटीशेजारी उकिडवी बसून पान्यानं झाकणाचा बोल्ट चाचपत होती, तेवढ्यात दारात सावली पडली. हिपोलित. दोन्ही हात पाठीमागे, एकमेकांत घट्ट अडकवलेले, जणू कुणी बांधून आणलाय. त्यानं फटफटीकडे पाहिलं नाही. पोत्यांवर कोठारातलं मांजर बसलं होतं, तो त्याच्याकडे बघून बोलू लागला.

"मांजरा, तुला म्हणून सांगतो. जो कुणी हे झाकण उघडायला जाईल त्यानं आधी खालचं तेल काढावं. नाहीतर मांडीवर घेईल."

लुत्सिनानं मुकाट्यानं खाली घमेलं सरकवलं.

"आणि बोल्टांना हात घालण्यात अर्थ नाही. आधी वेल्डिंग कापलं पाहिजे. ग्राइंडर माझ्या ट्रेलरमध्ये चुकून आलाय."

"मांजराला ग्राइंडर धरता येतो का, भावजी?"

"मी तुझ्याशी बोलत नाहीये, वहिनी."

असं ते काम सुरू झालं. लुत्सिनानं झेनोनचा काळा चष्मा चढवला, डोक्याला फडकं बांधलं आणि ग्राइंडर धरला. पहिल्यांदा तो हातातून उसळला. मांजराला सांगण्यात आलं की कोपर बरगडीला टेकवावं, आणि दाबू नये, चाकाला त्याच्या मनानं खाऊ द्यावं. ठिणग्या कोठाराच्या दारापर्यंत उडू लागल्या, तशी गवताची पेंढी मागे ओढायला म्हणून हिपोलितनं हात सोडवले आणि ओढून झाल्यावर पुन्हा मागे बांधले. पंपावरची माणसं ओले हात झटकत दारात जमली. वालेन्तीही त्यांत होताच. हे कसलं इंजिनिअरिंग, असं त्यानं विचारलं, तर हिपोलित म्हणाला की मांजराची शिकवणी चालू आहे.

दांडी निघाली. हातभर लांब, जड, आणि बुडाशी वेल्डिंगचा ओबडधोबड गोळा. हिपोलितला राहवलं नाही.

"बघ बघ. याला वेल्डिंग म्हणतात? कबूतर सुद्धा यापेक्षा नेटकं शिटतं. शिकवलं होतं मी त्याला. हात कसा धरायचा, किती अंतर ठेवायचं. काय घाई होती त्या गाढवाला? एक सोमवार थांबवला नाही."

लुत्सिनानं चष्मा वर केला. चष्म्याभोवतीचा सगळा चेहरा काळा झाला होता.

"मी थांबले नाही," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"त्या रविवारी पहाटे मला कळा सुरू झाल्या. रस्त्यांवर मार्चचा चिखल. अॅम्ब्युलन्स फाट्याच्या अलीकडे येईना. उतारावरून ढकलून निघावं तर मध्येच बंद पडल्यावर काय, म्हणून त्यानं दांडी चिकटवली. मी स्वयंपाकघरात खिडकीला धरून ओरडत होते आणि तो इथे बसून वेल्डिंग करत होता. दर ओरडण्याला एक डाग पडलाय त्यात, मोज हवं तर."

"मला का नाही बोलला?"

"बोलायला आला होता चर्चच्या आवारात. सगळ्यांना वाटायला केक घेऊन. तू आधी सुरुवात केलीस. मग तोही अडून बसला. म्हणाला, ओरडू दे त्याला, मला मुलगी झालीये."

हिपोलितनं मांजरावरून नजर काढली. मग त्यानं हात पुढे आणले. लुत्सिनाच्या हातातून दांडी घेतली आणि त्या गोळ्यावरून अंगठा फिरवला, एकदा या बाजूनं, एकदा त्या बाजूनं. दारातली माणसं उगीचच आभाळाकडे बघू लागली. पाऊस येईल का, असं कुणीतरी म्हणालं. येणार नव्हता.

"टिकलं मात्र," हिपोलित म्हणाला. "एवढं वाईट वेल्डिंग इतकी वर्षं टिकलेलं मी पाहिलं नाही."

त्यानं दांडी कोटाच्या आत बगलेत धरली आणि पान्याकडे बोट केलं. "सरक, वहिनी. तो पाना तिथे नाही चालायचा."

"नाही सरकत," लुत्सिना म्हणाली. "अर्ध्यावर आणलंय मी. तू सांग."

मग त्यानं सांगितलं, आता मांजराला नाही, तिला. झाकण निघालं. आत अर्ध्या भाकरीच्या आकाराचा दातेरी तुकडा होता, किक मारली की तोच फिरून इंजिनाला फिरवतो. त्याचा पहिला दात झिजून पार गोटा झाला होता. पहिलाच दात पकडत नाही म्हटल्यावर बाकीचे नुसते घसरत होते, म्हणून ती खर्रर. नवा तुकडा शनिवारच्या लग्नाआधी कुठून मिळणार? हिपोलितनं तो दुकानात नेला, झिजल्या जागी धातूचा गोळा चढवला आणि दुसऱ्या दिवशी आणून दिला. कानस लुत्सिनाच्या हाती आली. शेजारच्या दाताचं माप घ्यायचं, त्याच उताराचा नवा दात कोरायचा. बुधवारी तिनं सकाळी मागे राहिलेले बटाटे वेचले आणि दुपारी दात घासला. बटाट्यांनी बोटं फुगली होती, कानशीनं सोलली. किंगा सुट्टी घेऊन आली आणि आईचे हात पाहून म्हणाली, आई, लग्नाच्या फोटोत हे हात कुठे लपवायचे? लुत्सिना म्हणाली, हँडलवर असतील, कुणाला दिसतायत.

झाकणाखाली घालायचं जुनं गॅस्केट फाटलं होतं. जाड, एकसारखा पुठ्ठा हवा होता. घरात तसा एकच होता, किंगाच्या लग्नाच्या बुटांच्या खोक्याचा. तिनं बूट काढून उशीवर ठेवले आणि खोकं आईच्या स्वाधीन केलं. लुत्सिनानं पुठ्ठा झाकणाच्या कडांवर ठेवून हातोडीनं हलके हलके टोकत नेला, तशी कडांवर कडा उमटून नेमका आकार सुटा झाला. सगळ्या कामात तिला हेच सर्वांत आवडलं. करंजीची कड कातल्यासारखं होतं ते, फक्त आवाज जास्त.

दांडीला हिपोलितनं आरपार भोक पाडलं आणि सायकलच्या पायडलला असते तशी कॉटर पिन दिली. एका बाजूनं ठोकली की घट्ट, दुसऱ्या बाजूनं ठोकली की मोकळी. "जे बसवायचं ते उघडता आलं पाहिजे," तो म्हणाला, आणि गाईंचं दूध काढायला निघून गेला. जाताना सांगून गेला की स्प्रिंग मी आल्यावर.

लुत्सिना थांबली नाही. त्या घरात सोमवारपर्यंत थांबायची रीतच नव्हती. तिनं स्प्रिंग आकड्यात अडकवली, झाकण लावलं, बोल्ट आवळले, पिन ठोकली, तेल ओतलं. मोठ्या दिमाखात किंगाला हाक मारली आणि किक मारली. दात पकडला, इंजिन एकदा फिरलंही, पण दांडी खालीच राहिली, वर यायचं नाव नाही.

हिपोलित परत आला तेव्हा ती दुधाच्या कॅनवर बसून दांडीकडे बघत होती. त्यानं बोटानं दांडी वर उचलली, सोडली. ती पडली.

"पीळ दिला होतास का स्प्रिंगला, अडकवायच्या आधी?"

"पीळ?"

"अर्धा वेढा फिरवून मग अडकवायची. घड्याळाला किल्ली न देता भिंतीवर टांगलंस तू." आणि तो हसायला लागला. त्या कोठारात त्याला हसताना कुणी पाहिलं नव्हतं, कारण तो तिथे येतच नव्हता. दाराची चौकट धरून तो हसला. "अगं, तू पण त्याच्याच जातीची. दोघं एका माळेचे मणी."

लुत्सिनाला आधी राग आला. मग तिनं पिन उलट्या बाजूनं ठोकली. एका ठोक्यात मोकळी. दांडी निघाली, झाकण निघालं, आणि चहाचं पाणी उकळायच्या आत सगळं पुन्हा उघडं. कुऱ्हाड नाही, ग्राइंडर नाही, कुणाची शपथ नाही. ती पिन तळहातावर घेऊन बघत राहिली. या वेळी हिपोलितनं पक्कडीनं स्प्रिंग पिळून धरली आणि तिनं आकडा अडकवला. दोघांचे हात कोपरापर्यंत तेलात होते.

शेवटी त्यानं किकही शिकवली. हँडलवरची छोटी दांडी मागे घ्यायची, नाहीतर फटफटी उलटी लाथ घालते आणि घोटा जातो. पाय हळू दाबत न्यायचा, आत अडल्यासारखं लागेल तिथे थांबायचं, किंचित पुढे, मग मारायची.

"ताकद लावायची नाही, वहिनी. वजन टाकायचं."

"वजन आहे ते."

"तेच म्हणतोय."

तिनं वजन टाकलं. फटफटी खोकली, निळा धूर सोडला आणि बोलायला लागली. जड, सावकाश, ठोक्याठोक्याला दम घेत. कोंबड्या कुंपणापलीकडे गेल्या. किंगा केसांना गुंडाळ्या लावलेली तशीच अंगणात धावत आली. लुत्सिनानं इंजिन बंद केलं, कारण तिला पुन्हा मारायची होती. पुन्हा चालू झाली.

"व्हॉल्व्ह वाजतायत," हिपोलित म्हणाला. पण तो ऐकत मात्र मान तिरकी करून, डोळे मिटून होता.

शनिवारी आभाळ धुतल्यासारखं होतं. घरात उशीवर गुडघे टेकून बसलेल्या नवरानवरीच्या कपाळावर लुत्सिनानं क्रूसाची खूण केली, आणि झेनोनच्या जागी हिपोलितनंही केली. त्याच्या नखांतलं तेल निघालं नव्हतं. मग सगळे बाहेर आले. लुत्सिनाच्या अंगावर निळा रेशमी झगा, पायात झेनोनचे लांब कातडी बूट. तिचे उंच टाचांचे बूट साइडकारमध्ये किंगाच्या मांडीवर. पदर-झालर सगळी आत कोंबून किंगा बसली, तशी साइडकार सायीनं भरलेल्या वाडग्यासारखी दिसू लागली.

ग्रात्सियान नव्या सुटात उभा होता. रंग उडाला होता.

"आई, मी मागून मामांच्या गाडीतून आलो तर?"

"विजेच्या खांबावर चढतोस ना रोज?"

"तिथे पट्टा असतो, आई."

"इथे मी आहे. मागे बस आणि धर."

त्यानं धरलं. आधी अदबीनं, दोन बोटांनी, झग्याची शिवण. कोठारापुढच्या वळणावर दोन्ही हातांनी कंबर. मागे पाहुण्यांच्या गाड्या, आणि त्यांतल्या पहिलीत हिपोलित.

वालेन्तीचं फाटक विहिरीपाशी होतं. फुलांनी गुंडाळलेला दोर, टेबल, टेबलावर पाव आणि काकड्या. वालेन्ती डॉक्टर झाला होता. पांढरा डगला, गळ्यात बागेच्या नळीचं छाती तपासायचं यंत्र. त्यानं किंगाची नाडी पाहिली, ग्रात्सियानची जीभ पाहिली, आणि मग नळी फटफटीच्या इंजिनाला लावली.

"या गोंगाटात ठोके ऐकू येत नाहीत," तो म्हणाला. "रोग्याला झोपवा."

लुत्सिनानं इंजिन बंद केलं. एकदम शांत झालं. चिमण्या ऐकू यायला लागल्या. ग्रात्सियाननं बाटली दिली, थट्टा झाली, त्यानं आयुष्यभर भांडी घासेन असं कबूल केलं आणि सगळ्यांना हसू आलं, कारण तो घासणारच होता. दोर खाली झाला. आणि मागे पुरुषांनी सवयीनं कोट काढून कुंपणावर टाकले, बाह्या सरसावल्या. एकानं तळहातावर थुंकून हात चोळले.

लुत्सिनानं झगा गुडघ्यावर घेतला आणि किक मारली. फटफटी खोकली आणि गप्प झाली. माणसं पुढे सरकली. कुणीतरी साइडकारच्या मागच्या दांड्यावर हात ठेवलाही.

"सोडा हात," किंगा म्हणाली. ती मागे वळली नव्हती, तरी त्यानं हात काढला.

लुत्सिनानं मागच्या गाडीकडे पाहिलं. हिपोलित खिडकी उघडून बसला होता, पण उतरला नाही. तो उतरला असता तर सोपं झालं असतं आणि सगळं वाया गेलं असतं. तिच्या लक्षात आलं की घाईत आपण हँडलवरची छोटी दांडी मागे घेतलीच नाही. नशीब, घोटा वाचला. तिनं दांडी मागे घेतली. पाय हळू दाबत नेला. आत कुठंतरी अडलं, दाराआड कुणी उभं असावं तसं. किंचित पुढे. मग तिनं सगळं वजन टाकलं, बटाट्यांचं, चार वर्षांचं, निळ्या रेशमाचं.

फटफटी बोलली.

लोक क्षणभर तसेच उभे राहिले, बाह्या वर केलेले, हातांना काम नसलेले. मग त्या हातांनी टाळ्या वाजल्या. वालेन्तीनं नळी गळ्यातून काढली.

"रोगी ठणठणीत आहे," तो म्हणाला. "माझंच काम गेलं." आणि त्यानं लुत्सिनाला असा सलाम केला की तसा पोस्टात त्यानं साहेबालाही कधी केला नसेल.

पुढे आणखी फाटकं लागली. गिरणीपाशी, पुलाच्या अलीकडे, शाळेसमोर. प्रत्येक ठिकाणी एका किकमध्ये. शाळेच्या फाटकावर तर कुणी सांगायच्या आतच तिनं इंजिन बंद केलं, आणि दोर खाली व्हायची वाट पाहताना तिचा उजवा पाय आपोआप दांडी शोधायला लागला. चर्चच्या पायऱ्यांशी ग्रात्सियान उतरला तेव्हा त्याच्या गालांवर रंग आला होता. परत जाताना पण बसेन, असं तो म्हणाला. पण त्याच्या आईनं ठरवलं होतं की लग्न लागल्यावर जोडी मामांच्या सजवलेल्या गाडीतूनच हॉलवर जाईल, आणि नव्या नवऱ्यानं त्या दिवशी आणखी एका बाईशी वाद घातला नाही.

लग्न लागलं. किंगाचा आवाज "होय" म्हणताना फुटला नाही, लुत्सिनाचा नुसता ऐकतानाच फुटला. तांदूळ उडाले, गाड्या निघाल्या. आधी नवरानवरी, मग पाहुणे. धूळ खाली बसली तेव्हा आवारात लुत्सिना आणि फटफटी दोघीच उरल्या होत्या.

हॉल सरळ रस्त्यानं जवळ होता. ती नदीकाठच्या रस्त्यानं निघाली. साइडकार रिकामी, त्यात तिचे उंच टाचांचे बूट नुसते इकडून तिकडे गडगडत होते. दोन्ही बाजूंना खोदून झालेली शेतं, कुठं कुठं पाल्याचे ढीग धुमसत होते आणि तो गोड धूर रस्त्यावर येऊन पडला होता. विलोच्या झाडांच्या रांगेपाशी, जिथे ना वस्ती ना माणूस, तिनं फटफटी थांबवली. इंजिन बंद केलं. हात मांडीवर घेऊन बसली. पाणी वाहत होतं. इंजिन गार होताना टिकटिकत होतं. पलीकडच्या काठावरून बगळा उडाला. तिला कुणाला काही सांगायचं नव्हतं आणि कुणी काही विचारत नव्हतं.

मग तिनं हँडलवरची दांडी मागे घेतली, किकवर पाय ठेवला आणि वजन टाकलं.

हॉलच्या दारात सगळे ताटकळत उभे होते. नवरानवरीला पाव आणि मीठ देऊन आत घ्यायचं ते आईनं, आणि आईचाच पत्ता नव्हता. मोठा वाटोळा पाव हिपोलित छातीशी धरून उभा होता. लुत्सिना आली, कातडी बूट काढून टाचांचे बूट घातले, केसांतला धूर झटकला आणि पाव हातात घेतला.

"कुठे होतीस, वहिनी?" हिपोलितनं हळूच विचारलं. "चर्चपासून इथवर एवढा वेळ?"

"फाटक लागलं होतं."

"या रस्त्याला? कुणाचं?"

"माझंच," लुत्सिना म्हणाली, आणि पाव घेऊन लेकीसमोर उभी राहिली.